शाळेत कार्यक्रम येतात, पण मुलं शिकली का हे कोण तपासतंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कळव्यात राहते. ठाणे-नवी मुंबईच्या पानावर शाळेची बातमी दिसली की आधी तीच वाचते. आणि बातम्या बहुतेक एकाच जातीच्या असतात, अमुक शाळेत डिजिटल वर्ग सुरू झाला, तमुक कंपनीने टॅब दिले, शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, वाचन अभियानाचं उद्घाटन झालं. शाळेकडे कुणाचं तरी लक्ष आहे याचा मला मनापासून आनंद होतो, पालिकेच्या शाळेला कुणी विचारत नव्हतं ते दिवसही मी बघितलेत. पण वर्षभराने त्याच शाळेत परत जाऊन मुलं वाचायला लागली का, बाईंच्या शिकवण्यात काही बदल झाला का, हे सांगणारी बातमी शोधूनही सापडत नाही. सापडणार कशी, बहुतेक वेळा ते कुणी तपासलेलंच नसतं. पत्र लांबलंय, जागेअभावी कापलंत तरी हरकत नाही, पण खाली कार्यक्रमासाठी शाळा सोडतीने निवडण्याबद्दल जे लिहिलंय तेवढं ठेवा.

अहवाल निघत नाहीत असं नाही, निघतात, चांगल्या गुळगुळीत कागदावर निघतात. किती शाळा, किती शिक्षक, किती विद्यार्थी, किती तास, किती पुस्तकं वाटली. हा सगळा आपण काय दिलं त्याचा हिशोब झाला, मुलाच्या डोक्यात काय उतरलं ते त्यात कुठे येतं? जरा पुढची संस्था असेल तर जुलैत एक चाचणी आणि फेब्रुवारीत एक चाचणी घेते आणि सरासरी गुण किती वाढले त्याचा आलेख लावते. आलेख वर जाणारच हो. आठ महिने मूल शाळेत येतंय, वर्गशिक्षिका रोज शिकवतेय, मूल तेवढ्या महिन्यांनी मोठं झालंय, त्यात जुलैची चाचणी उन्हाळी सुट्टीनंतरची, सुट्टीत विसरलेलं दोन-चार आठवड्यांत तसंही परत आठवतंच. हे सगळं वजा केल्यावर कार्यक्रमाच्या वाट्याला काय उरतं हा खरा प्रश्न आहे आणि तो कळायचा तर कार्यक्रम नसलेल्या पण तशाच वस्तीतल्या शाळांमधली मुलं त्याच आठ महिन्यांत किती पुढे गेली हे माहीत पाहिजे. ते माहीत नसेल तर वाढ कार्यक्रमाच्या नावावर लिहायचा अधिकार कुणालाच नाही, आणि वर्गशिक्षिकेचे कष्ट दुसऱ्याच्या खात्यात जमा होतात ते वेगळंच.

आपल्या भागात तर आणखी एक गोष्ट होते जी बाहेरून येणाऱ्या संस्थांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे मुलंच बदलतात. दिघा, तुर्भे, रबाळे, इकडे कळवा-विटावा, वागळे इस्टेटच्या वस्त्या, इथे आईवडील नाक्यावर, बांधकामावर, एमआयडीसीत कामाला असतात. दिवाळीला गावी गेलेलं कुटुंब कधी कधी जानेवारीत परत येतं, कधी येतच नाही, काम संपलं की भिवंडीला नाहीतर पनवेलला जातं. जुलैत चाचणी दिलेल्या वर्गातली कितीतरी मुलं फेब्रुवारीत पटावर नसतात आणि फेब्रुवारीत बसलेली काही जुलैत नव्हतीच. आणि जी जातात ती बऱ्याचदा सगळ्यात मागे पडलेली असतात, सारखी शाळा बदलणारी. ती गेली की वर्गाची सरासरी काहीही न शिकवता वर जाते. म्हणून दोन्ही वेळेला हजर असलेल्या त्याच मुलांचे गुण नाव जुळवून बघायचे असतात, आणि कोण गळालं हेही लिहायचं असतं, कार्यक्रमाच्या शाळेत जास्त गळाले की बिनकार्यक्रमाच्या. चाचणीच्या दिवशी कच्च्या मुलांना "उद्या नाही आलास तरी चालेल" असं सांगितलं जातं हेही मला माहीत आहे, ते बोलायला कडू वाटतं पण होतं.

आता चाचणी कशी घेतात ते बघा. लेखी पेपर, वर्गातच, वर्गशिक्षकच घेणार, वर्गशिक्षकच तपासणार, दोन्ही वेळेला बहुतेक तोच पेपर. सरकारच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांनाही शिक्षकच पेपर तपासतात आणि गुण चॅटबॉटवर भरतात. शिक्षकांनी मुद्दाम खोटं केलं असं मी म्हणत नाही, माझीच बिरादरी आहे, पण आपल्या वर्गाचे कमी गुण वर गेले की खुलासा मागितला जाणार हे माहीत असताना कुणाचाही हात सढळ होतो.

निवृत्तीनंतर मी आणि माझ्या एक-दोन मैत्रिणी जवळच्या एका शाळेत मुलांचं वाचन घ्यायला जातो. व्हरांड्यात सतरंजी टाकून एकेका मुलाला बोलवायचं. चौथीतला एक मुलगा पाठ्यपुस्तकातला धडा घडाघडा वाचत होता, बोट ओळीवरून फिरवत होता पण बोट एका शब्दावर आणि तोंडात दोन शब्द पुढचं. मी हळूच पान उलटलं तरी त्याचं वाचन चालूच. मग घरून लिहून नेलेलं कार्ड दिलं, चारच सोपी वाक्यं, मीनाच्या घरामागे विहीर आहे, विहिरीत कासव राहतं, असली, त्याने आधी न ऐकलेली. विहीरचं त्याने व-ह-र केलं, काना मात्रा वेलांटी सगळं सोडून नुसती अक्षरं, आणि पुढच्या वाक्यावर येऊन माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मुलगा हुशार आहे, नुसतं ऐकून आख्खा धडा पाठ करणारा मुलगा मठ्ठ कसा असेल. पण त्याला वाचता येत नाही, आणि प्रगतिपुस्तकात भाषेला ब-१ आहे. त्या शाळेत वाचनाचा कार्यक्रम होऊन गेलेला आहे, वाचनकोपरा आहे, भिंतीवर तक्ते आहेत. लेखी पेपराने हे मूल कधीच पकडलं नसतं.

अशी तोंडी चाचणी काही माझं डोकं नाही. प्रथम या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेचा असर अहवाल २००५ पासून याच पद्धतीने निघतो, घरोघरी जाऊन एकेका मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट वाचायला देतात, गणितात अंक ओळख, वजाबाकी, भागाकार. दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता येतो का एवढाच साधा प्रश्न. २०२४ च्या अहवालात देशभरातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना तो वाचता येत होता, आणि २०२२ पेक्षा तो आकडा बराच सुधारलेला होता. पण असर ग्रामीण भागात होतो. म्हणजे ठाणे शहर, नवी मुंबई त्यात येतच नाही. केंद्र सरकारचं राष्ट्रीय सर्वेक्षण होतं, २०२१ च्या नोव्हेंबरात झालं, मग परख नावाने डिसेंबर २०२४ मध्ये तिसरी, सहावी, नववीचं झालं, पण ते जिल्ह्याचं चित्र देतं. ठाणे जिल्हा म्हणजे शहापूर-मुरबाडचे पाडे, भिवंडीच्या यंत्रमागाच्या वस्त्या आणि घोडबंदर रोडच्या मोठमोठ्या फीच्या शाळा, या सगळ्यांची एक सरासरी काढून किसननगरच्या शाळेत आलेला कार्यक्रम उपयोगाचा ठरला का हे कसं कळणार? त्यासाठी ते सर्वेक्षण बनलेलंच नाही, त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून मुद्द्यावर येते. कुठलाही कार्यक्रम एकाच दिवशी सगळ्या शाळांत जात नाही. पैसे तेवढे नसतात, माणसं नसतात, मग पहिला टप्पा दुसरा टप्पा करतात. पहिल्या टप्प्यात कुठल्या शाळा घ्यायच्या हे आज कसं ठरतं? उत्साही मुख्याध्यापक बघून, इमारत चांगली बघून, स्टेशनपासून जवळ बघून म्हणजे पाहुण्यांना यायला बरं, नाहीतर कुणाच्या तरी शिफारशीने. मग वर्षाने या शाळांची तुलना बाकीच्यांशी केली आणि त्या पुढे निघाल्या तर त्यात कार्यक्रमाचं कौतुक किती आणि मुख्याध्यापकांचं किती? ते कळायचा मार्गच आपण बंद केलेला असतो. माझं म्हणणं एवढंच की पहिला टप्पा सोडतीने ठरवा. इच्छुक शाळांच्या चिठ्ठ्या टाका, मुख्याध्यापकांच्या समोर काढा, निम्म्या शाळांना यंदा, निम्म्यांना पुढच्या वर्षी. शाळा पुरेशा असल्या की मग दोन्ही गटांत चांगले मुख्याध्यापक, वाईट इमारती, गळणारी मुलं, सगळं साधारण सारखं वाटलं जातं, आणि वर्षाअखेर जो मोठा फरक दिसेल तो बहुतांशी कार्यक्रमाचाच.

मुलांवर सोडत हे ऐकून काहींना धक्का बसेल, कुणाला दिलं कुणाला नाही हा अन्याय म्हणून. अहो आत्ताही निम्म्यांना मिळत नाहीच की, फक्त कुणाला नाही ते वशिल्याने ठरतं. आरटीईच्या २५ टक्के जागांचे प्रवेश सोडतीने होतात, म्हाडा आणि सिडकोची घरं सोडतीने मिळतात, आपल्याकडच्या पालकांना सोडत म्हणजे काय हे कुणी समजवायला नको, आणि सोडत उघड झाली तर तिच्याइतकं न्याय्य दुसरं काही नाही हेही त्यांना पटतं.

आणि हे परदेशातून उचलून आणलेलं नाही, आपल्या शेजारी मुंबईत झालेलं आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांमध्ये प्रथमचा बालसखी कार्यक्रम असाच तपासला गेला. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी, वर्गात मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून अक्षरओळख, बेरीज-वजाबाकी घ्यायची. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्या अभ्यासात होते, पुढे २०१९ ला मायकेल क्रेमर यांच्यासह त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच प्रकारच्या कामासाठी. कोणतीही शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही, चिठ्ठीने निम्म्या शाळांना एका इयत्तेसाठी बालसखी दिली आणि उरलेल्या निम्म्यांना दुसऱ्या इयत्तेसाठी, आणि मग एकाच इयत्तेची मुलं दोन्हीकडची ताडून बघितली. किती साधी युक्ती आहे ही. दुसऱ्या वर्षाअखेर फायदा दिसला ०.२८ प्रमाण विचलन, सोप्या भाषेत शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्ये उभं असलेलं मूल साधारण अकरा जागा पुढे सरकलं. फायदा मुख्यतः बालसखीकडे बसलेल्या कच्च्या मुलांना झाला, वर्गात उरलेल्या मुलांना गर्दी कमी झाल्याचा काही विशेष उपयोग झाला नाही. आणि कार्यक्रम सुटल्यावर वर्षाने परत तपासलं तर फायदा ०.१ च्या आसपास उतरला होता. हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण त्यांनी ते लपवलं नाही. आपल्या किती अहवालांत वर्षाने परत जाऊन बघितलेलं असतं?

सोडत नसली की काय फसगत होते त्याचं केनियातलं उदाहरण आहे, तक्त्यांचं. विज्ञान, गणित वगैरेचे मोठे तक्ते भिंतीला लावून शिकवायचं. आधीच ज्या शाळांत तक्ते होते आणि ज्यांत नव्हते त्यांची तुलना केली तर तक्त्यांचा भरघोस फायदा दिसत होता. मग १७८ शाळा घेऊन निम्म्यांना चिठ्ठीने तक्ते दिले आणि तपासलं, तर फरक शून्य. आधीच्या तुलनेत दिसलेला फायदा तक्त्यांचा नव्हताच, ज्या शाळेत तक्ते येतात ती शाळा बाकी सगळ्याच बाबतीत बरी असते त्याचा होता. माझ्या नोकरीच्या काळात रंगवलेल्या भिंतींवर आणि तक्त्यांवर किती पैसे गेले ते आठवून वाईट वाटतं. पेरूमध्ये ३१८ शाळांत असाच अभ्यास झाला, एकेका मुलाला लॅपटॉप मिळाला, गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडला नाही. म्हणून टॅब देऊ नका असं मी म्हणणार नाही. दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या केंद्रांवर कॉम्प्युटरच होता, पण तो आधी मूल खरं कुठल्या पातळीवर आहे ते ओळखून तिथून सुरू करायचा, आणि साडेचार महिन्यांत, बालसखीच्याच मापात, गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ इतकी वाढ झाली, म्हणजे मोठीच. यंत्र तेच, वापर वेगळा. आणि या दिल्लीच्या अभ्यासातली एक बारीक गोष्ट आपल्या लोकांनी लक्षात ठेवावी, मुलं इतकी मागे होती की शाळेच्या इयत्तेच्या गणिताच्या पेपरात ही प्रगती दिसलीच नाही. सहावीतलं मूल पहिलीच्या पातळीवरून तिसरीच्या पातळीवर आलं आणि तुम्ही त्याला सहावीचा पेपर दिलात तर आधीही नापास आणि नंतरही नापास. त्याने केलेले कष्ट आणि त्याच्या बाईंनी केलेले कष्ट तुमच्या कागदावर शून्यच दिसणार. चाचणी मुलाच्या पातळीवर उतरणारी पाहिजे.

आता शिकवण्याबद्दल, कारण मुलांचे गुण हा शेवट झाला, मधे शिक्षक आहे. शिक्षक प्रशिक्षणाचं मूल्यमापन म्हणजे आज काय, तर तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास भिंतीवर क्यूआर कोड लावतात, मोबाईलवर फॉर्म भरा, तज्ज्ञ मार्गदर्शक कसे वाटले, बैठकव्यवस्था कशी, जेवण कसं, उत्कृष्ट-चांगले-साधारण. घरी जायची घाई असते, सगळे उत्कृष्ट करतात, फॉर्म भरला की हजेरी पक्की. डोनाल्ड कर्कपॅट्रिक म्हणून एक अमेरिकन अभ्यासक होते, त्यांनी १९५९ मध्येच प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत, आवडलं का, समजलं का, कामात वापरलं का, आणि त्याने परिणाम झाला का. आपण साठ-पासष्ट वर्षांनंतरही पहिल्या पायरीवर फॉर्म भरतोय. तिसरी पायरी बघायला वर्गात जाऊन बसावं लागतं. आधी कळवून नाही, कारण कळवलं की त्या दिवशी सगळे गटकार्य करतात. आणि बसल्यावर भिंत बघायची नाही, बाई बघायच्या आणि त्याहून जास्त शेवटच्या बाकावरची मुलं बघायची. प्रश्न विचारल्यावर बाई थांबल्या का, की हात वर केलेल्या त्याच चार मुलांकडे वळल्या. वहीत फळ्यावरचं उतरवलंय की मुलाने स्वतः काही लिहिलंय. चूक झाली तेव्हा नुसतं खोडलं की कुठे चुकलं ते विचारलं. गणिताच्या तासात प्रत्यक्ष गणितं सोडवण्यात किती मिनिटं गेली आणि तारीख-वार-सुविचार-हजेरीत किती. एवढं बघायला फार मोठा तज्ज्ञ लागत नाही, चार दिवसांत शिकवता येतं.

पण फक्त वर्ग बघूनही भागत नाही हे आंध्र प्रदेशात दिसलंय. तिथे शिक्षकांना त्यांच्या मुलांच्या चाचणीचा सविस्तर अहवाल दिला, कुठे कच्ची आहेत ते सांगितलं, वर्षभर अधूनमधून वर्गात येऊन निरीक्षण केलं. निरीक्षक आले की शिक्षक जास्त मेहनतीने शिकवताना दिसले, वर्षाअखेर मुलांच्या गुणांत मात्र फरक नाही. कुणी बघतंय तेवढ्यापुरतं ते शिकवणं होतं. म्हणून दोन्ही लागतं, शिक्षकाचं शिकवणंही आणि मुलाचं शिकणंही, आणि दोन्ही एकमेकांशी ताडून बघायला लागतं.

शाळासिद्धीबद्दल, म्हणजे शाळेने स्वतःचं मूल्यमापन करायच्या सरकारी योजनेबद्दल, मात्र मला जरा जास्त लिहायचंय कारण ठाण्यातल्या प्रत्येक शिक्षकाने ती केलेली आहे. सात क्षेत्रं, ४६ मानकं, प्रत्येकाला स्तर एक-दोन-तीन, पुरावे, फोटो, फाइल, मग शाळा विकास आराखडा. रात्री उशिरापर्यंत बसून आम्ही त्या फाइली केल्यात. याच धर्तीवरचा मध्य प्रदेशातला शाळा सुधार कार्यक्रम कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग या अर्थशास्त्रज्ञांनी काटेकोर तपासला, सोडतीनेच. मूल्यमापनं झाली, आराखडे झाले, कागद सगळा व्यवस्थित. पण शाळेवरची देखरेख, शिक्षकांची हजेरी, शिकवणं, मुलांचं शिकणं, यातलं काहीच बदललं नव्हतं. आणि असं असूनही कार्यक्रम यशस्वी समजला गेला आणि देशभर लाखो शाळांत पसरला. कारण यश म्हणजे किती शाळांनी फाइल पूर्ण केली असं मोजलं गेलं. त्या फाइलींत गेलेला वेळ वर्गातून गेला, तो कुणी मोजला का?

इथे एक फरक करायला हवा जो अहवालवाले करत नाहीत. कार्यक्रम झाला पण उपयोग नाही झाला, आणि कार्यक्रम झालाच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रशिक्षण घेऊन आलेली बाई दुसऱ्या आठवड्यात बीएलओच्या म्हणजे मतदारयादीच्या कामाला लागते, मग सर्वेक्षण, मग ऑनलाइन माहिती, मग एका वर्गाला दोन वर्ग जोडलेले, ती नवीन पद्धत वापरणार कधी? पातळीनुसार गट करून शिकवण्याची पद्धत बिहार आणि उत्तराखंडमध्ये नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य देऊन शाळेच्या वेळेत सोपवली तेव्हा जवळजवळ काही झालं नाही, अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत ती बाजूलाच पडली. तेच हरियाणात २०१२-१३ मध्ये वेळापत्रकात त्यासाठी वेगळा तास ठेवला, इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे मुलं बसवली, आणि आपल्या केंद्रप्रमुखांसारखी जी माणसं देखरेख करणार होती त्यांनी आधी स्वतः शाळेत वर्ग घेऊन बघितले, तेव्हा मुलांच्या भाषेत फरक पडला. पद्धत एकच, अंमलबजावणी वेगळी. म्हणून मूल्यमापनात आधी हे लिहा की ठरलेले तास खरंच झाले का, किती वर्गांत झाले, बाईंना मोकळा वेळ होता का. नाहीतर चांगली पद्धत बदनाम होते आणि दोष येतो शिक्षकावर.

शिक्षक मूल्यमापनाला घाबरतात आणि त्यांचं घाबरणं बरोबर आहे. निकाल आला की कारणे दाखवा नोटीस येते हा अनुभव आहे. त्यामुळे कार्यक्रम तपासायचा आणि शिक्षक तपासायचा ही दोन कामं पूर्ण वेगळी ठेवा, कार्यक्रमाच्या चाचणीतले गुण शाळेच्या किंवा बाईंच्या नावाने कुठेही जाणार नाहीत असं आयुक्तांच्या सहीने लेखी द्या. तसं झालं तर आकडे खरे येतील. खोट्या चांगल्या आकड्यांपेक्षा खरे वाईट आकडे मुलांच्या कामाचे.

खर्च होईल असं कुणी म्हणेल. कंपन्यांच्या सीएसआरला, म्हणजे सामाजिक कामांवरच्या खर्चाला, २०२१ पासून नियमच आहे, ज्यांचं बंधनकारक सीएसआर सरासरी १० कोटी किंवा जास्त आहे त्यांनी १ कोटी किंवा जास्त खर्चाच्या प्रकल्पांचं परिणाम मूल्यांकन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यायचं. पण नियम सांगतो की प्रकल्प संपून वर्ष झाल्यावर करा, सुरुवातीला मुलं कुठे होती ते कुणी नोंदवून ठेवलेलं नसलं तर वर्षाने येऊन एजन्सी काय बघणार, ती शिक्षकांना आणि पालकांना विचारते कार्यक्रम आवडला का, सगळे हो म्हणतात. आणि आपल्या शाळांत येणारे बहुतेक कार्यक्रम एवढे मोठे नसतातच, चार शाळा, सहा शाळा, त्यांना नियमच लागू नाही. पालिकेने नवा नियम करायचीही गरज नाही, शाळेत येण्याची परवानगी देतानाच अट घालावी, सुरुवातीची चाचणी आधी, बाहेरच्या माणसांकडून, सोडत पालिकेसमोर, आणि निकाल कसाही आला तरी पालिकेच्या वेबसाइटवर मराठीत टाकायचा. तोंडी चाचणी घ्यायला डी.एल.एड. आणि बी.एड.चे विद्यार्थी आहेत, त्यांना तसाही शाळेचा अनुभव घ्यायचाच असतो, एकेका मुलाला दहा मिनिटं धरली तरी दोन-तीन जण मिळून एका शाळेचे तिसरी-चौथीचे वर्ग एक-दोन दिवसांत उरकतात. टॅबच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

सगळ्याच कार्यक्रमांनी वाचन-गणित वाढवलं पाहिजे असंही मी म्हणत नाही. गाणी, नाटक, खेळ, सहली मुलांना हव्यातच, त्या त्यांच्या आनंदासाठी असू देत, फक्त मग अहवालात अध्ययन निष्पत्ती उंचावल्या असं लिहू नका.

ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही पालिकांची बजेटं येतील, शिक्षण विभागाच्या पानांवर नव्या योजना असतील. त्यातली एक, फक्त एक योजना येत्या जूनपासून अशा पद्धतीने सोडत काढून, आधी चाचणी घेऊन सुरू करावी ही माझी दोन्ही आयुक्तांना आणि शिक्षणाधिकाऱ्यांना विनंती आहे. आणि तुम्हालाही विनंती, उद्घाटनाची बातमी छापलीत की वर्षाने त्याच शाळेत वार्ताहर पाठवा आणि अहवालाऐवजी मुलाच्या हातात एक न वाचलेला परिच्छेद द्यायला सांगा.

आम्ही काही निवृत्त शिक्षिका कार्डं घेऊन चाचणीला बसायला तयार आहोत, कळवा, ठाणे, ऐरोली, कोपरखैरणे कुठेही येऊ, मानधन नको. फक्त कुठल्या शाळेला कार्यक्रम मिळालाय आणि कुठल्या नाही हे आम्हाला काम संपेपर्यंत सांगू नका, म्हणजे आमचाही हात सढळ होणार नाही.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
कळवा, ठाणे